काठावरची सही

कुलगुरूबाईंच्या टेबलावर एकच कागद पडला होता. त्यावर सही झाली, की विद्यापीठातलं तळं बुजवून तिथं परीक्षा भवन उभं राहणार. सोबतचा अहवाल ठणकावून सांगत होता, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. म्हणजे तळं मेलंय.

बाईंचा चेहरा उतरला. पर्यावरणशास्त्रातली त्यांची अख्खी कारकीर्द याच तळ्याच्या चिखलातून वर आलेली. विभागप्रमुख झाल्यावरसुद्धा दर सोमवारी चपला काठावर काढून पाण्यात शिरायच्या. कुलगुरू झाल्या आणि चार वर्षं नुसत्या मीटिंगा! तिकडं फिरकल्याच नाहीत. मेलं असेलही, कुणी सांगावं?

"पाणी कुणी आणलं?"

"मीच की!" समोर बसलेले भवनाचे इंजिनियरसाहेब खुशीत म्हणाले. "सकाळी आठला भरलं. मग साइटवर गेलो, जेवलो, संध्याकाळी लॅबला पोचवलं."

"दिवसभर बाटली कुठं होती?"

"गाडीच्या डिकीत. एकदम सेफ!"

प्रयोगशाळेतले मामा कोपऱ्यात उभे होते. तीस वर्षं बाईंच्या बाटल्या सांभाळलेला माणूस. हसू दाबायला त्यांनी खोकल्याचं सोंग काढलं.

"अहो साहेब," बाई म्हणाल्या, "पेशंटला उन्हात डिकीत कोंडायचं आणि संध्याकाळी डॉक्टरला सांगायचं, याला श्वास घेता येत नाही! बाटलीतल्या जंतूंनी दिवसभरात प्राणवायू फस्त केला असेल. प्राणवायू पकडून ठेवणारी औषधं तिथल्या तिथं, काठावरच घालायची असतात."

"मग आत्ता घालून बघा. पण रिपोर्ट खरा निघाला तर?"

"तर काठावरच सही. पेन घ्या बरोबर."

तोऱ्यात बोलून तर गेल्या, पण जिना उतरताना अहवालातला आकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला.

गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी बाटली बुडवली. एकही बुडबुडा राहू दिला नाही. मामांनी दोन्ही औषधांचे थेंब सोडले, बूच लावलं.

"औषधांनी खाली बसणारा साका तपकिरी आला तर तळं जिवंत," बाई बाटली उलटीसुलटी करत म्हणाल्या. "पांढरा राहिला तर भवन तुमचं."

बाटलीत पांढरा ढग उठला. इंजिनियरसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंनी श्वास रोखला, आणखी दोनदा बाटली हलवली.

ढग पिवळट पडला. मग तांबूस झाला. मग झक्क तपकिरी!

"टोपण लावा साहेब," मामा म्हणाले, "शाई वाळेल."

"मग भवन बांधायचं कुठं?" साहेब कुरकुरले.

"पार्किंगच्या जागेवर."

"तिथं तर तुमची गाडी असते, मॅडम!"

"मी चालत येईन. तळ्यावरून रस्ता जवळ पडतो."

साहेब निघाले, तरी बाई पाण्यातच. मामांपुढं हात पसरून म्हणाल्या, "दुसरी बाटली द्या. एकीवर विश्वास ठेवायला मी काय इंजिनियर आहे?"