दंडातली नळी

म्वाजुमाच्या दंडातली प्लास्टिकची नळी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नाराजीनेच राहू दिली. स्वतःला हेरॉइनच्या सुया टोचून घेणाऱ्या बाईला शिरेत नळी ठेवून घरी कसं पाठवायचं? पण खाटेवर डांबलेल्या अशा बाया तलफ अनावर झाली की पळतात आणि रस्त्यात मरतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. शेवटी किनोन्डोनी वस्तीच्या दवाखान्यातली सिस्टर न्सिया मध्ये पडली. रोज सकाळी म्वाजुमा आपल्याकडे येईल, नळीतून औषध आपण देऊ, अशी हमी तिने घेतली. जंतू काळजाच्या झडपेपर्यंत पोचले होते. औषध पुरं झालं नाही तर म्वाजुमा वाचणार नव्हती, आणि टोचण्याजोगी दुसरी शीर तिच्या अंगावर उरलीच नव्हती.

न्सियाने नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावून वर सही केली.

"यातून तुमचं ते नशेचं पीठ आत घातलंस तर नळी काढावी लागेल. मग मीही तुला वाचवू शकणार नाही."

"पीठ सोडलंय, सिस्टर. तलफ मारायला तुमचं मेथाडोन पिते नि गपगुमान पडते."

खरंच सोडलं होतं बिचारीने. पिठाच्या अड्ड्यावरच्या पुरुषांची अर्धी सकाळ शीर शोधण्यात जाते. ते त्या नळीकडे अधाशासारखे बघायचे.

"म्वाजुमा, दार भाड्याने देतेस का?"

"तुझ्या आईला विचार, मेल्या!" म्हणत ती बाही खाली ओढायची.

पिलीचं मात्र निराळं होतं. पिली तिची जिवाभावाची मैत्रीण. अड्ड्यावरच्या बायांत एक रीत आहे. एकीला पीठ मिळालं नि दुसरीला नाही, तर पहिली टोचून घेते, मग आपलं रक्त सुईत ओढून दुसरीला टोचायला देते. त्यात नशा उरते की नाही, देव जाणे. पण नाही म्हणणारी तिथे नीच ठरते. पिलीने म्वाजुमाला असं कितीदा तरी तारलं होतं.

एका संध्याकाळी पिलीला आरोस्तोने, पीठ न मिळाल्याच्या तडफडीने, गाठलं. नाक गळतंय, पोटात पीळ पडतोय, हाडं ठणकतायत.

"तुझ्या रक्तात मेथाडोन आहे ना गं? दे की सुईभर."

"नळीला हात लावायचा नाही."

"आत काही घालू नको म्हणालीय ना सिस्टर? बाहेर काढू नको म्हणाली का? मी तुला दिलं, तेव्हा कुणाला विचारत बसले होते का?"

म्वाजुमाला पटलं. खरं तर तिला पटवूनच घ्यायचं होतं. समोर मैत्रीण कळवळत असताना कोण हिशेब करत बसतं? तिने पट्टी हळूच सोडवली, सुईभर रक्त ओढलं, पिलीच्या हातात दिलं आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली.

सकाळी औषध आत जाईना. न्सियाने नळी उजेडात धरून पाहिली. आत रक्त गोठलं होतं.

"काय घातलंस?"

"काही नाही. अल्लाशपथ!"

"मग हे काय आहे?"

म्वाजुमाने मान खाली घातली. "घातलं नाही, काढलं. पिलीला दिलं. तळमळत होती हो."

"अगं खुळे! तुझं काळीज कुरतडणारे जंतू तुझ्या रक्तातूनच फिरतायत. ते तिच्या अंगात ओतलेस तू!"

दुखणं काळजाचं, असंच सगळे म्हणत आले होते. मग ते रक्तात असेल, हे म्वाजुमाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि काढायचंही नाही, हे आपण सांगितलं नव्हतं, ते न्सियाला आता आठवलं. तिने नळी ओढून काढली आणि कापूस दाबून धरला.

"आता गोळ्याच. पुरतील का, मला माहीत नाही. आधी पळ, तिला घेऊन ये."

म्वाजुमा धापा टाकत अड्ड्यावर पोचली. पिली कांगा अंगाभोवती गुंडाळून भिंतीशी पडली होती, थडथड कापत होती. म्वाजुमाने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आरोस्तोत अंग असं भाजत नाही.

"आलीस का?" पिलीचे दात वाजत होते. तिने मुठीतली सुई पुढे केली. "कालचं पुरलं नाही गं. आज थोडं जास्त दे."