एकाच खाचेत बसणारं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे आणि सध्या पूर्ण रिकामा आहे. तुमच्या मोबाइलमध्ये नखाएवढं कार्ड असतं ना, त्याच्या आजोबांच्या पिढीतला मी. आकारानं खेळायच्या पत्त्याएवढा, एका कडेला सोनेरी दातांची रांग आणि अंगात घड्याळात असतो तसा एक गोल सेल. पोटात काहीच नाही, मग हे आत्मवृत्त कुठून सांगतोस, असं तुमच्यातला एखादा चौकस विचारेलच. मलाही ते नीट माहीत नाही. माझ्या पोटात फक्त आवाज राहत असत. बाकीचं पाहिलेलं, ऐकलेलं मी कुठं ठेवतो, याचा शोध मी अजून घेतो आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न पडला. इतर कंपन्यांच्या कार्डांपेक्षा माझे दात दोनानं जास्त का? हळूहळू उलगडा झाला. ज्या यंत्रासाठी मला घडवलं, त्याच यंत्राच्या खाचेत मी बसावं आणि दुसऱ्या कुठल्याही खाचेत बसू नये, म्हणून कंपनीनं मुद्दाम तशी योजना केली होती. माझ्या पोटातली लिपीसुद्धा कंपनीची स्वतःची होती. दुसऱ्या यंत्राला ती वाचताच येत नसे. मला तेव्हा वाटलं, केवढा हा माझा मान! दारोदार फिरणाऱ्यांतला मी नव्हे.

बाहेरच्या मालाला देशाची दारं उघडली आणि एकोणीसशे त्र्याण्णव साली मी धारूरला आलो. तिथं बसवेश आप्पांचं कापडाचं दुकान होतं. ते दुकान सांभाळून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. हैदराबादहून त्यांनी गिटारचा प्रोसेसर आणला आणि त्याच्यासोबत मला. गिटारची तार छेडली की तिचा आवाज आधी या यंत्रात जातो. यंत्र त्याला जाड करतं, पातळ करतं, लांबून आल्यासारखा करतं आणि मग स्पीकरकडे सोडतं. जमून आलेला आवाज जपून ठेवायचा, एवढंच माझं काम. यंत्राला पायानं दाबायच्या पट्ट्या होत्या. त्या बघून बसवेश आप्पांचे वडील रुद्रप्पा म्हणाले, "मशीन कुठंय? नुसतं पायडल आणलंस व्हय रे?" त्यांना ते शिवणयंत्र वाटलं होतं!

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी बसवेश आप्पा आवाज बनवत बसत. त्यांची बायको महानंदा गल्ल्यामागं उदबत्ती लावता लावता ते ऐकत असे. सहा आवाज बरे झाले. सातवा मात्र असा झाला, की गिटारचा सूर निघून जायचा आणि दूर कुठंतरी टेकून पुन्हा माघारी यायचा. बसवेश्वर जयंतीच्या मिरवणुकीची सुरुवात पुढं दरवर्षी त्याच आवाजानं होऊ लागली. म्हातारी माणसं म्हणत, "किल्ल्यातनं कुणीतरी ओ देतंय बघा." लग्न नेकनूरला असो की पाटोद्याला, लोक आधी सातवा मागत.

पाटोद्याच्या सोमेश्वरनंही तो मागितला. मेंढ्या राखणाऱ्या घरातला हा तरुण दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, आणि त्याच्याकडे आमच्याच कंपनीचं यंत्र होतं. "आप्पा, कार्ड एक दिवस द्या, उतरून घेतो," तो म्हणाला. "न्हाईतर बनवला कसा, तेवढं तरी सांगा."

बसवेश आप्पा हसले. "सोमेश्वर, हुरड्याला ये, पोटभर खा. सातवा मागू नको."

मला कोण अभिमान वाटला! आमची गोष्ट आमच्याजवळ. कंपनीनं मला शिकवलं होतं तेच मालकही बोलत होते.

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका लग्नात जनरेटरनं अचानक जोर धरला आणि यंत्रातून धूर निघाला. मला ओढून काढलं म्हणून मी वाचलो. यंत्र गेलं ते गेलंच. कंपनीनं ते बनवणंही बंद केलं होतं. आप्पांनी दुसऱ्या कंपनीचं नवं यंत्र आणलं. त्याच्या खाचेत मला सरळ घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं. मी बसेना.

"जरा कानशीनं घासून बघू का?" आप्पा म्हणाले.

"अवो, कुलूप एकाचं, किल्ली दुसऱ्याची," महानंदा म्हणाली. "घासून काय व्हणार हाय?"

तुम्ही म्हणाल, नव्या यंत्रावर नवा सातवा बनवायचा, त्यात काय एवढं? पण आप्पांचे कान मंद झाले होते. किती वर्षं ते स्पीकरच्या भिंतीला खेटून उभे राहिले होते! बारीक, उंच सूर त्यांना आता ऐकूच येत नसत, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलंसुरलंही हळूहळू कमी होईल. कुठली कळ किती फिरवली होती, हे तर ते केव्हाच विसरले होते. माझ्यावर सोपवून निर्धास्त झाले होते ना! आता सातवा आवाज जगात फक्त माझ्या पोटात होता. माझा सेल संपला की तोही संपणार होता.

पुढच्या वर्षी जयंती आठ दिवसांवर आली, तेव्हा आप्पांनी मनाचा हिय्या केला. सोमेश्वरच्या यंत्रात मी बसू शकत होतो. निघण्याआधी त्यांना वाटलं, सेल सहा वर्षांचा झालाय, ऐनवेळी दगा द्यायला नको. म्हणून ते मला रामहरी घड्याळवाल्याकडे घेऊन गेले. रामहरीनं मला मऊ फडक्यावर ठेवलं, जुना सेल अलगद काढला, जागा स्पिरिटनं पुसली, फुंकर घातली आणि नवा सेल बसवला.

"आता धा वर्सं बघायला नको," तो म्हणाला.

मित्रांनो, माझा सेल बदलायचा तर मी चालू यंत्रात असायला हवा. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं. ती पुस्तिका आप्पांनी नव्या कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवली होती. रामहरीसारखा काळजीनं काम करणारा हात मी आजवर दुसरा पाहिला नाही. त्याच हातून, फुंकर मारता मारता, मी कोरा झालो. दुखलं वगैरे काही नाही. काय गेलं तेही मला कळलं नाही.

पाटोद्याला महानंदाही सोबत आली. सोमेश्वरनं मागचं काही न काढता आधी चहा दिला. मला यंत्रात सरकवलं, सातवा आकडा दाबला आणि तार छेडली. आप्पांनी कान पुढं केला.

"मला ऐकू येत न्हाई, का वाजतच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"वाजत न्हाई, आप्पा," सोमेश्वर हळूच म्हणाला. "कार्ड रिकामं हाय. समदेच आकडे रिकामे हायती."

आप्पा खाली बसले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्या एका कामासाठी माझा जन्म, तेवढंच माझ्याकडून झालं नाही.

सोमेश्वर म्हणाला, "आप्पा, तुमी बनवला कसा, ते सांगा. पुन्हा बनवू."

आप्पांनी मला यंत्रातून काढून खिशात घातलं. तेव्हा महानंदा बोलली, "सांगा की आता. कुणापासनं लपवायचाय? तो आपल्याजवळबी न्हाई ऱ्हायला."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी सांगितलं. धारूरच्या किल्ल्यात तळ्याच्या अलीकडच्या काठावर उभं राहून ते टाळी वाजवायचे. पलीकडच्या तटाला लागून ती परत यायची. ती परत यायला लागणारा वेळ कानात धरून घरी यायचं आणि यंत्राची कळ फिरवत बसायचं. असे ते महिनाभर जात होते. "हे बायकोलाबी बोललो न्हवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमेश्वर आपलं यंत्र घेऊन धारूरला आला आणि तिघं किल्ल्यावर गेले. मी रिकामा असूनही आप्पांच्या खिशात होतो. सोमेश्वरनं टाळीचा अंदाज घेतला, खाली दुकानात येऊन आपल्या यंत्रावर परतीचा वेळ जुळवला आणि पडद्यावरचा आकडा वहीत लिहिला. आप्पांनी तोच आकडा नव्या यंत्रावर लावला. त्यातून नुसता कालवा बाहेर पडला. आकडा एकच, पण प्रत्येक कंपनीचं माप वेगळं होतं.

"व्हणारच की," महानंदा म्हणाली. ती आयुष्यभर कापड मोजत आलेली बाई. "ह्यांच्या हातानं मोजलं तर सा हात, तुमच्या हातानं मोजलं तर सात. मीटरनं मोजा की, म्हंजी समद्या दुकानात सारखंच."

मग पुन्हा किल्ला चढणं आलं. आता आप्पांनी अशा लयीत टाळ्या वाजवल्या, की परत आलेली टाळी पुढच्या टाळीवर बरोबर पडावी. सोमेश्वरनं घड्याळ धरलं. वीस टाळ्यांना अकरा सेकंद लागले. पुन्हा मोजलं, पुन्हा अकरा. सेकंद कुठल्याच कंपनीचा नव्हता. ते वहीत लिहिलं.

वेळ सापडला, तरी आवाजाचा पोत राहिला होता. तो सांगायला आप्पांचे कान उरले नव्हते. पण महानंदानं पाच वर्षं रोज सकाळी सातवा ऐकला होता. तिला कुणी आजवर विचारलं नव्हतं, एवढंच. सोमेश्वर कळ फिरवी आणि ती सांगे, "न्हाई. माघारी येनारा आवाज लई कडक हाय. खळ गेलेल्या लुगड्यावानी पायजे." सोमेश्वरनं उंच सूर कापत आणले. "अजून. हां, आता थांब!" सोमेश्वरनं तेही लिहिलं, पण कुठल्याही यंत्राला लागू पडेल असं: परतीच्या आवाजातले उंच सूर निम्मे काढायचे, आवाज पहिल्याच्या अर्धा ठेवायचा.

वहीवरून आप्पांच्या नव्या यंत्रावर आवाज बसवला आणि जयंतीच्या सकाळी मिरवणूक त्याच आवाजानं निघाली. वाजवून झाल्यावर आप्पांनी गर्दीकडे पाहिलं नाही. त्यांनी महानंदाकडे पाहिलं. "तसाच हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "थोडा येगळा हाय. पर ओळखू येतोय."

आप्पांचे डोळे भरून आले. सोमेश्वरनं वहीचं पान उतरून न्यायची परवानगी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "उतरून घे. आन कुणी इचारलं तर त्यालाबी सांग. पर टाळी कुठं उभं राहून वाजवायची, ते नीट सांग बे, न्हाईतर चुकंल."

मित्रांनो, मी आता दुकानाच्या काउंटरवर सुतळीच्या डब्यात राहतो. राग माझा कुणावर नाही, ना रामहरीवर, ना मला जास्तीचे दोन दात देणाऱ्या कंपनीवर. पण एक मागणं आहे. तुमच्या हातून काही चांगलं घडलं, तर ते माझ्यासारख्या एकाच खाचेत बसणाऱ्याच्या पोटात घालून विसरून जाऊ नका. कसं केलं, ते साध्या शब्दांत, सगळ्यांच्या मापात लिहून ठेवा. आणि शेजारी बसून रोज ऐकणाऱ्या माणसाला कधीतरी विचारा, तुला कसं वाटतं म्हणून.

सोमेश्वर तो आवाज पाटोद्याला वाजवतो, तेव्हा तो कुणाचा, असा प्रश्न मला अजून पडतो. उत्तर सापडलेलं नाही. आणि एक गंमत सांगू? सहा वर्षं पोटात सांभाळलेला सातवा आवाज कसा होता, ते मला मुळीच आठवत नाही. ती वही कुणाच्या हाती लागली, तर बनवा आणि एकदा मलाही ऐकवा.