स्वच्छ रिपोर्टनंतर

दोघी बहिणींतली थोरली दवाखान्यात मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांचे फोटो काढायचं, यंत्र चालवायची; सतरा वर्षं तिचं तेच काम. धाकटी घरी शिवणकाम करायची, तोंडाने फटकळ. धाकटीला चाळीस लागल्यापासून थोरली तिला दर वर्षी तपासणीला ओढून न्यायची.

"ताई, मी कपड्यांना इस्त्री करते, तू बायकांना करतेस!" यंत्रात दाबली गेली की धाकटी कळवळून म्हणायची.

तिसऱ्या वर्षीही रिपोर्ट स्वच्छ आला. पाच महिन्यांनी अंघोळ करताना धाकटीच्या हाताला गाठ लागली. तिने ब्र काढला नाही. वर्ष भरल्यावर तपासणीला आली, तेव्हा गाठ काखेपर्यंत पोचली होती.

"अगं, बोलली का नाहीस?"

"रिपोर्ट चांगला होता ना? म्हटलं, पुढच्या तारखेला दाखवू."

थोरलीने जुने फोटो काढून पुन्हापुन्हा पाहिले. काहीच दिसेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात बऱ्याच जणींचे स्तन आतून दाट असतात. फोटोत तेही पांढरे, गाठही पांढरी. कधी ती दिसत नाही, तर कधी दोन तपासण्यांच्या मधेच वाढते. तुमची चूक नाही." चूक सापडली असती तर बरं, असं थोरलीला वाटलं. निदान बोट ठेवायला जागा मिळाली असती.

दीड वर्ष उपचार चालले. शेवटी धाकटीला कूस बदलवेना.

"मी तुला नेलंच नसतं, तर गाठ लागली त्याच दिवशी तू आली असतीस," थोरली एकदा म्हणाली.

"मी? आपल्या पायांनी डॉक्टरकडे? मला ओळखत नाहीस का तू?" धाकटी हसायला गेली आणि तिला ठसका लागला. थोरली तिची पाठ चोळत राहिली. हाताला नुसती हाडं लागत होती.

आठवड्याभरात धाकटी गेली. अर्धवट शिवलेले कपडे थोरलीने ज्याचे त्याला परत नेऊन दिले आणि ती पुन्हा कामावर रुजू झाली.

पहिल्याच दिवशी एक शिक्षिका आली, वय एकेचाळीस. "याचा खरंच फायदा होतो का हो?"

पूर्वी थोरली 'होतो तर!' म्हणून मोकळी झाली असती.

"काही जणींचा जीव वाचतो," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही त्यांतल्या आहात का, ते मला सांगता येणार नाही. पण रिपोर्ट चांगला आला आणि उद्या हाताला काही लागलं, तर उद्याच या. तारखेची वाट बघू नका."

शिक्षिका मान डोलावून यंत्रापाशी उभी राहिली.

"श्वास रोखा," म्हणत थोरली काचेआड गेली. तिने बटण दाबलं. श्वास सोडा, हे सांगायचं मात्र ती क्षणभर विसरली.