दोनशे एक्याऐंशी

टेबलावर चौदा वस्तू होत्या. प्रवेशपत्र, ओळखपत्र, काट्यांची दोन घड्याळं, खोडरबर, व्हाइटनरची टेप, जेवणाचा डबा, थर्मास, चमचा आणि जेवायच्या काड्या ठेवलेली एक डबी, दोन संत्री, बसायची उशी, हात शेकायचं पाकीट, रुमाल. मी शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे काहीही दोनदा मोजायची सवय लागली आहे. दुसऱ्यांदाही चौदाच भरल्या.

माझी धाकटी बहीण सोल्बी आंघोळ करून आली. टेबलाकडे पाहिलं, व्हाइटनरची टेप उचलली आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवली.

"अगं, राहू दे की ती," आई गॅसपाशी उभी राहून म्हणाली. "लागली तर?"

"लागली तर हात वर करीन. पर्यवेक्षक देतात."

"घरची असताना दुसऱ्याकडे कशाला मागायची?"

"आई."

आईने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. आई बाजारात तोंडीलावण्यांचा गाळा चालवते, भाज्या, लोणची, मुरवलेले मासे, तीसेक प्रकार रोज मांडते. पण गेल्या वर्षीच्या डब्यातला एकही पदार्थ तिला या वर्षी नको होता. अंड्याची गुंडाळी बाद, सोयातलं मांस बाद, पालक बाद. आठवडाभर विचार करून तिने भोपळ्याची पेज केली.

"परीक्षेला पेज?" बाबा कोटाची चेन लावत आत आले. ते घरोघरी बॉयलर दुरुस्त करतात आणि थंडी पडली की त्यांना बोलायला फुरसत नसते. त्या दिवशी त्यांनी सगळी कामं पुढे ढकलली होती. "आजारी माणसाला देतात पेज."

"तुम्हाला विचारलंय का?"

"नाही विचारलं. गाडी गरम करून ठेवलीय, एवढंच सांगायला आलो."

सोल्बी बुटाच्या नाड्या बांधत होती. ती हसली नाही, पण तिचे कान हलले, म्हणजे ऐकलं होतं.

*

विद्यापीठ प्रवेश परीक्षेचा चौथा टप्पा तसा सोपा असतो. आधी इतिहास, मग आपण निवडलेले दोन विषय एकामागून एक. सोल्बीचे विषय जीवशास्त्र आणि भूशास्त्र. दोन्हींची उत्तरं एकाच कार्डावर, शेजारशेजारच्या रकान्यांत गोल काळे करून द्यायची. जीवशास्त्राची वेळ संपली की त्याची प्रश्नपत्रिका काढून घेतात, आणि त्यानंतर त्या रकान्याला हात लावायचा नाही. लावला तर ती कॉपी धरतात आणि त्या वर्षीची अख्खी परीक्षा रद्द होते, सगळ्या विषयांची. हे मुलांना पाठ असतं. सोल्बीलाही होतं.

आणखी एक. आमच्याकडे मुलं आपली उत्तरं प्रवेशपत्राच्या मागे बारीक आकड्यांत उतरवून आणतात. खरा निकाल यायला डिसेंबर उजाडतो, आणि तोवर थांबायची कुणाचीच तयारी नसते. त्यामुळे त्याच संध्याकाळी घराघरांत बेरजा चालतात.

गेल्या वर्षी भूशास्त्र संपत आलं असताना सोल्बी अशीच उत्तरं उतरवत होती, आणि तिला दिसलं की जीवशास्त्राच्या अठराव्या प्रश्नाला प्रवेशपत्रामागे चार लिहिलं आहे, कार्डावर मात्र तीन काळा झाला आहे. तिने टेप ओढली, तीन झाकला, चार काळा केला. ती म्हणते, त्यात विचार असा नव्हताच, ओट्यावर सांडलेलं पाणी पुसावं तसा हात गेला. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या पर्यवेक्षिकेने ते पाहिलं. घंटा झाल्यावर सोल्बीला एका खोलीत नेऊन, काय घडलं ते तिच्याच हाताने लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि यातलं काहीच बोलली नाही. मी उत्तरं तपासली. तीनशेपैकी दोनशे एक्याऐंशी; इंग्रजी आणि इतिहास या बेरजेत धरत नाहीत. अठरावा प्रश्न बरोबर होता, दोन गुणांचा. बाबांनी डुकराचं मांस भाजलं. दुसऱ्या दिवशी आईने गाळ्यावर तांदळाचे गोड केक वाटले आणि ज्याने विचारलं त्याला आकडा सांगितला, ज्याने नाही विचारलं त्यालाही. तिसऱ्या दिवशी सोल्बी बाल्कनीत मोजे वाळत घालत होती. एक मोजा हातात धरूनच ती म्हणाली, "ताई, माझी परीक्षा बहुतेक रद्द होणार."

निकालाच्या दिवशी शाळेत तिच्या नावाचं काही आलंच नव्हतं.

आईने बाजारात ते सांगितलं नाही. सोल्बी पुन्हा बसतेय हे कळल्यावर शेजारच्या गाळ्यावरच्या ओक काकूंनी भुवया उंचावल्या, तेव्हा आई म्हणाली, "तिला याहून वरचं हवंय." झालं. तेव्हापासून दोनशे एक्याऐंशी कुठल्याही दप्तरात नसलेले गुण आमच्या घरात राहायला आले.

*

मार्चपासून सोल्बी स्टेशनमागच्या एका अभ्यासिकेत जाऊ लागली. तिथे तिन्ही बाजूंनी आडोशाच्या फळ्या लावलेली टेबलं होती आणि कुणी कुणाशी बोलत नसे. सराव परीक्षांचे आकडे ती मला पाठवायची. दोनशे त्रेसष्ट. दोनशे सत्तर. दोनशे सहासष्ट. सगळ्यात चांगला दोनशे शहात्तर होता, सप्टेंबरातला.

जुलैमध्ये एकदा मी दुपारची सुट्टी काढून तिला थंड नूडल खायला नेलं. ती दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसली होती. वाडगा समोर येऊनही हात बाहेर येईनात.

"गारठा लागलाय का? बाहेर तेहतीस अंश आहे."

"सवय करतेय. दुसरा विषय चालू झाला की असं बसायचं आणि लिहायला लागेल तेवढाच हात काढायचा." तिने काड्या उचलल्या. "ताई, तिचं बरं आहे."

"कुणाचं?"

"तिचं. मागच्या वर्षीच्या मुलीचं. तिचे गुण आता कमी होत नाहीत."

"ती तूच आहेस, वेडे."

"मी कशी? मी दोनशे सत्तर. मी रोज अभ्यास करते. ती काहीच करत नाही आणि कायम दोनशे एक्याऐंशी." वाडग्यातला बर्फाचा खडा तिने काडीने बुडवला, तो पुन्हा वर आला. "मी गणित सोडवत असले ना, की ती शेजारी बसते. मी चुकले की हसते. मोठ्याने नाही, नाकातून."

मी हसले. तिचा चेहरा तसाच होता. मग मी विचारलं, "कशी दिसते?"

"माझा निळा स्वेटर घालते. तो मी टाकून दिलाय ना, त्यामुळे तिच्याचकडे आहे."

घरी गेल्यावर मी कपाट उघडून पाहिलं. निळा स्वेटर खरंच नव्हता.

*

परीक्षा केंद्राच्या फाटकावर चर्चच्या बायका गरम चहा देत उभ्या होत्या, आणि त्यांत ओक काकूही होत्या, डोक्याला मफलर गुंडाळून.

"आली बघा आमची दोनशे एक्याऐंशी!" त्या लांबूनच ओरडल्या. "आज तीनशेच आण गं! कमी आणलंस तर मी तुला माशाचे वडे देणार नाही."

"बघते काकू," सोल्बी कमरेत वाकून म्हणाली. दोन मुलींनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"बघते काय? तुझी आई वर्षभर सांगतेय, वरचं हवंय, वरचं हवंय. आम्हाला तरी कळू दे वर काय असतं ते!"

बायका हसल्या, आईही हसली. सोल्बी आत गेली आणि तिने मागे पाहिलं नाही. आईने फाटकाच्या लोखंडी गजाला हात लावला, गार लागला म्हणून काढला, आणि पुन्हा लावला.

आईने गाळा उघडला. घरी बसून वेड लागेल म्हणाली. मी रजेवर होते, म्हणून तिच्यासोबत बसले. आमचं जेचन रेल्वेचं गाव, सिमेंटच्या मालगाड्या दिवसभर भोंगे देत जातात. दुपारी इंग्रजीची ऐकण्याची परीक्षा चालू असताना एकही भोंगा वाजला नाही, तेवढ्या वेळापुरती बंदीच असते. गाड्या हळूहळू सरकत गेल्या. बाजारातली माणसंही उगाचच हळू बोलत होती.

चौथ्या टप्प्यातला दुसरा विषय सुरू झाला तेव्हा एक आजोबा मुळ्याची किमची घ्यायला आले. आई उलट्या टोपलीवर बसली होती. मी पाहिलं तर तिचे दोन्ही हात मांड्यांखाली होते.

"अर्धा किलो द्या."

"थांबा जरा, आजोबा."

"का? संपली का?"

"नाही. थोडा वेळ थांबा, एवढंच."

मी द्यायला उठले, तर आईने मानेनेच नको म्हटलं. आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. "नात माझीही आहे आत," ते म्हणाले, पिशवी खाली ठेवली आणि ते उभे राहिले. साडेचार वाजून गेल्यावर आई उठली, हात पुसले आणि तिने त्यांना किमची दिली, अर्ध्या किलोहून बरीच जास्त.

*

अंधार पडू लागला तेव्हा फाटक उघडलं. सोल्बी बरीच मागे होती. आईने तिला एकच प्रश्न विचारला.

"कुणी काही लिहून घेतलं?"

"नाही."

आईने तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि गाडीपर्यंत स्वतः वाहिली.

गाडीत बाबांनी दोनदा गरज नसताना काच पुसली. रेल्वे फाटकाशी गाडी थांबल्यावर सोल्बी म्हणाली, "जीवशास्त्राच्या सातव्या प्रश्नाला मी प्रवेशपत्रामागे दोन लिहिलंय. कार्डावर पाच काळा केलाय."

बाबांनी हँडब्रेक लावला. "कधी दिसलं?"

"भूशास्त्र चालू असताना. अजून बराच वेळ होता."

"मग?"

"व्हाइटनर मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी. कशाला हवंय ते विचारत नाहीत." ती पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होती. "मग दोन्ही हात खाली घेतले. उजवासुद्धा. वर काढला असता तर तो तिकडेच गेला असता. घंटा होईपर्यंत तसेच ठेवले."

"आणि भूशास्त्र?" मी विचारलं.

"दोन प्रश्न राहिले."

मालगाडी गेली, भोंगा देत गेली. अडसर वर झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे बाबांनी गिअर टाकला.

"पेज पुरली का?" त्यांनी विचारलं.

"पुरली. माझ्या शेजारची म्हणाली, तू आजारी आहेस का?"

"बघा," बाबा आईला म्हणाले. आईने त्यांच्या दंडावर चापट मारली. सोल्बी खिडकीकडे वळली. तिने काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "ती सारखी सांगत होती, कर ना. मी केलं होतं की."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. परीक्षेत बोलायचं नसतं."

*

घरी टेबल मोकळं होतं. मी अधिकृत उत्तरं उघडली, सोल्बीने प्रवेशपत्र पालथं ठेवलं. भाषेचे चौऱ्याण्णव. गणिताचे ब्याण्णव. जीवशास्त्राला सहा प्रश्न तपासून झाले आणि मी थांबले.

"सातवा. बरोबर उत्तर दोन आहे. तीन गुणांचा." मी तिच्याकडे पाहिलं. "कुठलं धरू?"

"कार्डावरचं."

मी सातव्यावर फुली मारली. आणखी एक चुकलेला होता, दोन गुणांचा. पंचेचाळीस. भूशास्त्रात दोन रिकाम्या जागा होत्या, एक दोन गुणांची, एक तीन गुणांची, आणि एक उत्तर चुकलेलं. त्रेचाळीस.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. ओक काकू. आईने तो वाजू दिला, बंद झाला, परत वाजला. तिसऱ्या खेपेला तिने उचलला.

"अगं किती?" काकूंचा आवाज कानापासून दूरही ऐकू येत होता. "आम्ही सगळ्या इथेच आहोत, चहाची भांडी धुतोय! दोनशे एक्याऐंशीच्या वर गेली ना?"

"थांब," आई म्हणाली. "बेरीज चाललीय."

सोल्बी दारापाशी गेली होती. चपलांच्या कपाटावरची टेप तिने उचलली, क्षणभर हातात धरली आणि माझ्या पर्सच्या बाजूच्या कप्प्यात टाकली. "प्रयोगशाळेत लागेल तुला," ती म्हणाली.

मी बेरीज दोनदा केली आणि कागद आईसमोर सरकवला. आईने चष्मा लावला. आकड्याखाली बोट ठेवलं.

"सांग की गं!" फोनमधून आवाज आला. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला गप्प बसवत होतं.

आईने सोल्बीकडे पाहिलं. सोल्बीचे हात मोकळे होते, दोन्ही बाजूंना.

"दोनशे चौऱ्याहत्तर," आई म्हणाली.