वरच्या टाकीतली कॉफी

गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत आणि तिच्या नवऱ्याला चमचा. अगदी तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. लोकांच्या खिशाला पेन असतं, तसा त्याच्या खिशाला कायम एक खोलगट चमचा असायचा, कॉफी चाखायचा. कुणी नवखा माणूस बिचकून विचारी, "चमचा? कुणाचा चमचा?" तर हा म्हणे, "कॉफीचा. तिच्यापुढे आपली मान कायम खाली."

दुकान दोघांचं, आणि तसं लहानच. पुढे काउंटर आणि चार स्टुलं, मागे भाजायचं यंत्र, आणि त्याच्यामागच्या खोलीत कच्च्या दाण्यांची पोती. कामाची वाटणी संसाराइतकीच जुनी होती. चाखायचं आणि खरेदी करायची त्यानं, भाजायचं तिनं. यंत्रात दाणे तडकायला लागले की नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, आता काढले नाहीत तर करपतील. त्याच्या चाखण्याला मात्र ती हसायची. टेबलावर वाट्या मांडायच्या, पूड घालून गरम पाणी ओतायचं, वर धरलेली साय चमच्यानं मोडून नाक जवळजवळ आत बुडवायचं, आणि मग असा भुरका मारायचा की शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवून कान टवकारावेत. मग डोळे मिटून म्हणायचं, "जर्दाळू." किंवा, "ओला पुठ्ठा." वहिनीला सगळ्यांत कॉफीच लागायची.

"तुझी जीभ लाकडाची आहे," तो म्हणायचा.

"म्हणून तर तुझ्याबरोबर निभावलं."

एका दुपारी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो काउंटरमागे खाली बसला. काहीतरी उचलायला वाकला असेल असंच सगळ्यांना वाटलं. दवाखान्यात काही दिवस नळ्या लावून ठेवलं होतं, पण त्यानं डोळे उघडले नाहीत. गेला.

धाकटा दीर नोकरी सांभाळून संध्याकाळी दुकानात येऊ लागला. भला माणूस, पण कॉफीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पोती संपत आली तसा तो एक दिवस चाचरत म्हणाला, "वहिनी, बाजारातल्या मोठ्या व्यापाऱ्याकडून सरसकट माल घेऊ या का? आता चाखणार कोण?"

वहिनी उठली. मागे गेली, चमचा घेतला, वाट्या मांडल्या. पहिलाच भुरका मारला तो सरळ श्वासनळीत. ठसका लागून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दिरानं पाठीत थापट्या मारल्या, आणि दोघं एकदम हसत सुटले. हसता हसता दोघांच्याही लक्षात आलं की आपण हसतोय, आणि दोघंही गप्प झाले.

पण ती रोज बसत राहिली. भांडी घासावीत तशी, उरकायचं काम म्हणून. हळूहळू एका वाटीतली कॉफी दुसरीपेक्षा वेगळी लागायला लागली. का, ते तिला सांगता यायचं नाही. "ही मला आवडली नाही," एवढंच. दीर म्हणायचा, "दादा तरी शेवटी हेच सांगायचा, फक्त फळांची नावं घेऊन."

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. दुकानातला सगळ्यात उत्तम माल दर वर्षी डोंगरावरच्या एका बागेतून यायचा. तिथल्या म्हाताऱ्याला तिचा नवरा मामा म्हणायचा, त्याच्या बायकोला मामी. नात्याचे नव्हते, पण वर्षातून एकदा त्यांच्याकडे जाऊन राहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वहिनीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तो डोंगरावर गेला की यंत्रापाशी कुणीतरी हवं असायचं. त्यांचा नंबर फक्त नवऱ्याच्या फोनमध्ये होता, आणि फोनचं कुलूप कसं उघडायचं हे तो कुणाला सांगून गेला नव्हता. यंदा बागेतून नमुनाही आला नाही, निरोपही नाही.

"त्यांना कळवायला हवं," ती म्हणाली.

"चिठ्ठी पाठवू."

"असं चिठ्ठीनं सांगतात का भाऊजी?"

दुकान दिरावर सोपवून ती निघाली. बस घाट चढून थांबली तिथून पुढे चालत जायचं होतं. विचारत विचारत ती पोचली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. झाडांच्या सावलीतून वर गेल्यावर अंगणभर उंच जाळ्या मांडल्या होत्या, आणि त्यांवर वाळत घातलेले दाणे एक काटकुळा म्हातारा लाकडी दाताळ्यानं परतत होता.

"मामा, मी दुकानातून आले. चमच्याची बायको."

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "असं का. आणि तो कुठाय? तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून बायकोला पुढे केलं होय?"

"मामा..."

"फोन करतो म्हणाला होता. करतो म्हणाला की नाही, विचार त्याला. मी इथे फोन उराशी धरून बसलोय. शेवटी मीच केला, एकदा नाही, दहादा केला. उचलेल तर शपथ! मोठा झाला आता, म्हाताऱ्याचा फोन कशाला उचलेल?"

"मामा, तो गेला."

"कुठे गेला?"

ती नुसती उभी राहिली. दाताळं जाळीवर थांबलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, मग तिच्यामागच्या वाटेकडे पाहिलं, जणू तरीही कुणीतरी वर चढत येईल. मग तो पुन्हा दाणे परतायला लागला. तीच जागा, पुन्हा पुन्हा. घरातून हात पुसत मामी बाहेर आली, तिनं नवऱ्याच्या हातातून दाताळं काढून घेतलं आणि वहिनीचा हात धरून दोघांनाही ओट्यावर नेऊन बसवलं.

थोड्या वेळानं मामीनंच सगळं सांगितलं. गेल्या खेपेला तो याच ओट्यावर बसला होता. कुठलीशी परदेशी कॉफी चाखून आला होता आणि त्या चवीनं पार झपाटला होता. म्हणत होता, "मामा, वरच्या तुकड्यातलं सगळ्यात पिकलेलं फळ निराळं काढा. सोलू नका. वरच्या टाकीत झाकण लावून मुरू द्या, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. मी रोज फोन करीन. तुम्ही मला नुसता वास सांगा, कधी काढायचं ते मी सांगतो." मामांना काही ते पटलं नव्हतं. उभ्या जन्मात असलं काही केलं नव्हतं. पण पोरगा इतका पोटतिडकीनं म्हणतोय तर बघू करून, म्हणून त्यांनी टाकी भरली. तो नेमका कुठला आठवडा, हे मामीनं सांगितलं तेव्हा वहिनीनं डोळे मिटून घेतले. त्या आठवड्यात ती दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होती, आणि त्याचा फोन बंद दुकानातल्या खणात वाजत होता.

"मला वास कळत होता," मामा म्हणाले. "वास बदलला होता. एकदा मनात आलं, काढावं. पण म्हटलं, आपण घाई केली आणि बिघडलं, तर म्हणेल, म्हाताऱ्याला धीर म्हणून नाही. म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशीही थांबलो."

मामीनं त्या टाकीतले, वाळवून सोललेले मूठभर दाणे आणून वहिनीच्या पुढ्यात ठेवले.

"चाखून बघायचं?" वहिनीनं विचारलं.

घरात नवऱ्यानंच ठेवलेला हातानं फिरवायचा छोटा ड्रम होता. भाजायचं काम तिचं. दाणे तडकायला लागले आणि तिचे हात आपोआप चालू लागले, बागेत आल्यापासून पहिल्यांदाच तिला जरा सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही माल निरनिराळे भाजले. रात्रभर विसावू दिले. सकाळी मामीनं घरातल्या होत्या तेवढ्या वाट्या आणून मांडल्या.

नेहमीचा माल चांगला होता. गोड, मोकळा, घोट गेल्यावर जिभेवर थोडा मध मागे ठेवणारा. "हा छान आहे," ती म्हणाली आणि मामांनी मान डोलावली. ते त्यांना ठाऊकच होतं.

मग वरच्या टाकीची वाटी. साय मोडताच वास वर आला आणि तिला कळलं. तरी तिनं भुरका मारला. शिरका. त्याच्यामागे सडलेला कांदा. तिनं पुन्हा चमचा बुडवला. काहीतरी असेल, तळाशी कुठेतरी, त्यानं ज्यासाठी हे सगळं मांडलं ते थोडं तरी उरलं असेल. कॉफी निवली तशी तिसऱ्यांदा चाखली. निवल्यावर चव उलगडते, असं तो म्हणायचा. काही उलगडलं नाही.

"मामा, हे बिघडलंय."

"सगळं?"

"सगळं."

मामा वाटीकडे बघत राहिले. "तो काय म्हणाला असता?"

"आधी थुंकला असता," वहिनी म्हणाली. "मग तुमचे पाय धरले असते."

मामा हसले. खांदे हलायला लागले आणि हलतच राहिले, तेव्हा मामी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"हा मालही मी घेऊन जाते," वहिनी म्हणाली. "सांगितलं त्यानं होतं. एरवी नेहमीच्या मालात पडायचं ते तुमच्या झाडांचं सगळ्यात चांगलं फळ त्यात गेलं."

"आणि नेऊन काय करणार? गिऱ्हाइकांना पाजणार? त्याच्या दुकानात बसून?"

"छे."

"मग? पोती कोपऱ्यात ठेवून त्यांच्याकडे बघत बसणार?"

वहिनी वाट्या गोळा करू लागली. ती तेच करणार होती.

"ऐक सूनबाई," मामा म्हणाले. तिला असं कुणी कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं. "बिघडलेला माल झाडाच्या बुडाशी जातो. तुझ्या नवऱ्याची शेवटची कल्पना म्हणून आपण तिची पूजा नाही मांडायची. त्यालाही ते आवडलं नसतं. वास किती येतोय बघ!"

तिघांनी मिळून पोती वरच्या तुकड्यात नेली. मामांनी आळी उकरली, मामी आणि वहिनी पोत्याचा एकेक कान धरून दाणे ओतत गेल्या. शेवटच्या पोत्याला वहिनीचा हात आखडला. तिनं एक मूठ उचलून घट्ट धरली. मामीनं पाहिलं.

"ठेव की. मूठभर ठेवलीस म्हणून काय बिघडतंय?"

"नको मामी. घरभर शिरक्याचा वास सुटेल," ती म्हणाली आणि मूठ उघडली. दाणे घामानं तळहाताला चिकटले होते, ते एकेक करून सोडवून काढावे लागले. तिथेच, आळ्याच्या कडेला बसून, ती रडली. दवाखान्यात रडली होती तशी नाही. मोठ्यानं, हेल काढून. मामांनी माती लोटायचं काम थांबवलं नाही.

दुपारच्या बसला दोघं तिला सोडायला आले. बस सुटताना मामा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही आमच्या पद्धतीनंच करणार, आधीच सांगून ठेवतो."

"तसंच करा."

चांगला माल महिन्याभरात दुकानात पोचला. वहिनीनं भाजला, नेहमीच्या डब्यांत भरला. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी पहिल्या स्टुलावर बसून हीच कॉफी घ्यायचे. त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण यंदा तितकीशी नाही."

दीर पुढे झाला. वरचा तुकडा, टाकी, फोन, सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. वहिनीनं त्याला हातानं थांबवलं.

"नाहीच आहे मास्तर," ती म्हणाली. "यंदा तितकी नाही."

मास्तरांनी मान हलवली आणि उरलेली कॉफी सावकाश पिऊन टाकली. मागे यंत्रात दाणे तडकायला लागले होते, म्हणून वहिनी आत गेली.