दुसऱ्यांदा मोजलेले दहा

दत्तात्रेय फोटोग्राफरचा कॅमेरा त्याच्या सासऱ्याच्या वयाचा होता आणि तितकाच हट्टी. लाकडी खोका, तीन पाय, पुढे पितळी भिंग आणि भिंगाला टोपी. टोपी काढायची, अंक मोजायचे, टोपी लावायची. मुरुडच्या बाजारातल्या दुकानात नवरानवरीला खुर्चीवर बसवून "हलू नका" म्हणत तीन मोजले की काम भागायचं. धावत्या पोरांचा फोटो त्या खोक्यानं जन्मात काढला नव्हता, आणि हे दत्तात्रेयाला पक्कं ठाऊक होतं. पण खाडीवरच्या दोन गावांचे भागोजी पाटील स्वतः चालत आले आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "मास्तर, मानूस खोटं बोलतो, फोटू बोलत न्हाय. औंदा तुमीच आमचे पंच." एवढा मान मिळाल्यावर कोण सांगेल की माझा कॅमेरा आंधळा आहे? ह्यानंही नाही सांगितलं.

खाडीच्या बांधाला उघाडी एकच होती. उघाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारी लाकडी दारं. बांधाच्या अल्याड वरखार, पल्याड तळखार, आणि ती दारं कोणी कधी उघडायची यावरून दोन्ही गावांची डोकी फुटायची. शेवटी जुन्या माणसांनी तोडगा काढला. दर माघात पोरांचा हुतूतू खेळवायचा, जिंकेल त्या गावाकडे वर्षभर उघाडी. पण गेल्या साली एका पोराचा हात रेघेला लागला की नाही यावरून मैदानात काठ्या निघाल्या आणि एकाचा डोळा गेला. म्हणून यंदा, छप्पन साली, सामना भातगिरणीच्या बंद गोदामात ठेवला. दोन्हीकडची दहा-दहा माणसं, दारांना अडसर, आणि रेघेचा निवाडा फोटोनं. निकाल त्याच दिवशी लागायला हवा, म्हणून दत्तात्रेयानं फोटो धुण्याची औषधं, थाळ्या, कागद, सगळं बिऱ्हाड बैलगाडीतून आणलं.

गोदामात उजेड म्हणजे छपराला दोन काचेची कौलं आणि खाली दोन पेट्रोमॅक्स. फोटोसाठी भपकन पेटणारी उजेडाची पूड होती, पण समुद्राच्या हवेनं ती ओली झालेली. पेटवली तर नुसता धूर निघाला न् माणसं खोकली. सामन्याआधी पोरं अंग मोकळं करत होती तेव्हा त्यानं फोटो उमटायची एक काच खर्चून, धुऊन पाहिली. पोरांच्या जागी धुकं आलं. तेव्हा तरी खरं बोलायचं! पण नाही. तो पाटलांना म्हणाला, "रेघेवर वाद झाला की मी दहा मोजणार. तोवर सगळ्यांनी आहे तसं थांबायचं. कोणी उठायचं नाही की सोडायचं नाही." पाटलांनी मान डोलावली आणि नियम सगळ्यांना ओरडून सांगितला. कॅमेऱ्याचं लंगडेपण असं पोरांच्या गळ्यात पडलं. वर दत्तात्रेयानं रेघेच्या एका टोकाची माणसंही उठवली, उजेड अडतो म्हणून. तिथे एकटा तो आणि त्याचा खोका.

खेळ कसला, कापाकापीच ती. पहिल्या घटकेतच एकाचे दोन दात जमिनीवर पडले. कोपरं बरगड्यांत बसत होती, नखांनी पाठी सोलल्या जात होत्या, आणि कडेची म्हातारी माणसं "घे त्याला! मोड पाय!" म्हणून किंचाळत होती. बरोबरी झाली आणि शेवटची चढाई तळखारच्या मोरूवर आली. सोळा वर्षांचा, बुधाजीचा एकुलता एक. हुतूतूतू करत तो आत घुसला, दोघांना शिवला आणि मागे वळला, तर वरखारच्या हिरामणनं खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला. मोरू तोंडावर आपटला. त्याच्या पाठीवर एक पडला, दुसरा पडला, चौथा पडला. त्या ढिगाखालून हुतूतूतू ऐकू येतच होतं, आणि एक हात जमीन खरवडत रेघेकडे सरकत होता.

"रेघंला लागला का हात? फोटू!" पाटील ओरडले.

सगळे जागच्या जागी थिजले. दत्तात्रेयानं टोपी काढली. "एक, दोन, तीन..."

चाराला तो हात हलला. उठला, जमिनीवर आपटला, पुन्हा उठला, पुन्हा आपटला. ढिगाआडून तो बाकी कुणाला दिसत नव्हता. दत्तात्रेयाला दिसला, आणि त्याच्या मनात काय आलं? बोंबललं, काच वाया गेली! दुसरं काही आलं नाही. दहा पुरे करून तो ओरडला, "थांबा, हलू नका! पुन्हा घेतो." दोन्ही बाजूंना एकेक काच असलेली चपटी पेटी त्यानं उलटी करून बसवली. घाईत हात घसरला, आणखी वेळ गेला. मग पुन्हा एक ते दहा. या वेळी हात दगडासारखा स्थिर होता.

"शाब्बास," दत्तात्रेय म्हणाला.

पाच पोरं उठली. मोरू उठला नाही. पाणी मारलं, गालांवर चापट्या मारल्या, पाय चोळले. बुधाजीनं छातीला कान लावला आणि तो कान तिथून उचलेचना. मग तळखारचा कोणीतरी ओरडला, "हिरामणनं गळ्यावर गुडघा दिला! म्या बघितला!" आणि गोदाम फुटलं. मापाच्या पायल्या डोक्यांत बसल्या, अडसराच्या दांडक्यानं पाटलांचा खांदा मोडला, एक पेट्रोमॅक्स कुणाच्या तरी पाठीवर फुटून सदरा पेटला. तळखारवाल्यांनी हिरामणला केसांना धरून बांधापर्यंत फरफटत नेलं, उघाडीच्या खांबाला दोरानं करकचून बांधलं आणि कोयते घेऊन भोवती उभे राहिले. भरती लागली होती. पाणी पोराच्या गुडघ्यापर्यंत आलेलं.

बुधाजी गिरणीत परत आला. त्याच्या हातात कोयता होता, आवाज मात्र अगदी हलका. "मास्तर, फोटू काढा बाहेर. गुडघा गळ्यावर दिसला, तर तो तिथंच बुडंल. न्हाय दिसला तर सोडतो. पानी थांबायचं न्हाय तुमच्यासाटी."

गिरणीच्या कोंड्याच्या खोलीत, लाल फडकं बांधलेल्या कंदिलाशेजारी, दत्तात्रेयानं काचा धुतल्या आणि दोन्ही कागदावर उतरवल्या. दुसरा फोटो त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत स्वच्छ फोटो होता. हिरामणचे दोन्ही हात घोट्यावर, दोन्ही गुडघे जमिनीवर, गळ्यापासून चांगले चार हात लांब. पाचही पोरं शहाण्यासारखी कॅमेऱ्याकडे बघत होती. आणि रेघेवर मोरूचा हात, एकेक बोट मोजता येईल असा. पहिल्यातही बाकी सगळं असंच होतं, फक्त हाताच्या जागी पांढरट फराटा. दत्तात्रेयानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, तेव्हा कुठे त्याला तो फराटा कळला. त्यानं पहिली काच उचलून जात्याच्या दगडावर धरली. फोडली की संपलं, हिरामणला वाचवायला दुसरा फोटो पुरेसा होता. पण हात खाली येईना. शेवटी काच तिथेच ठेवून, पहिला ओला कागद सदऱ्याच्या आत घालून, दुसरा हातात धरून तो बांधाकडे पळाला.

पाणी हिरामणच्या छातीला लागलं होतं. पोर रडून रडून मुकं झालं होतं. बुधाजीनं दुसरा फोटो मावळतीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "ह्यानं न्हाय मारला." कोयत्याच्या एका घावात त्यानं दोर तोडला. दत्तात्रेय सुटला होता. वळून चालू लागायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मोरूची आई, सोनूबाई, पुढे आली. तिनं फोटोवर बोट ठेवलं. "मास्तर, माजा पोर असा गप पडून ऱ्हायला व्हय? सुटाया धडपडला पन न्हाय?"

दत्तात्रेयानं सदऱ्यातला कागद काढून तिच्या हातात दिला. "धडपडला, बाय," तो म्हणाला. "हात आपटत होता. मला दिसत होता. फोटो बिघडला म्हणून मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या वेळी हलला नाही, तर मी शाब्बास म्हटलं."

बुधाजीनं कोयता उलटा धरला, एवढीच काय ती दया. पहिल्या घावाला दत्तात्रेयाचं मनगट मोडलं, दुसऱ्याला दात गेले. मग बाकीचे तुटून पडले. त्यानं हात वर केले नाहीत. चिखलात पडल्या पडल्या, रक्तानं भरलेल्या डोळ्यानं त्याला दिसलं, की सोनूबाईनं तो स्वच्छ फोटो पाण्यात सोडून दिला होता आणि बिघडलेला पदरात धरला होता.

"ह्यो ऱ्हाऊ दे माज्याकडं," ती म्हणत होती. "ह्याच्यात त्यो हलतोय."