करून दाखवण्याचे मेज

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे; खरे तर अर्धेच मेज. माझा दुसरा अर्धा भाग सैनिकांच्या शेकोटीत गेला. तेव्हा माझ्या वेड्यावाकड्या कडेकडे पाहून हसू नका, आधी ऐका.

सुताराने मला जाड फळ्या सांधून घडवले ते राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभागृहासाठी. त्या काळी राज्यकर्त्यांकडे जो येई तो काहीही ठोकून देई. कोणी शिशाचे सोने करी, कोणी एकाच काढ्याने सगळे रोग पळवी. खरे काय ते सांगायला देशातली जाणती माणसे एकत्र आणली गेली. त्यांनी नियम केला, की कितीही मोठ्या माणसाचा शब्द नुसता मानायचा नाही. जे म्हणायचे ते माझ्यावर करून दाखवायचे, आणि वरच्या सज्जात बसून कोणीही ते पाहायचे.

एका गृहस्थांनी अखंड फिरणारे चाक आणले. ते सभासदांचा चहा गार होण्याआधीच थांबले. आम्लाने माझी पाठ भाजली, कौतुकही भरपूर झाले. सभासद मात्र नळावर भांडावे तसे भांडत. एकदा भिरकावलेली दौत एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या कपाळाला लागली. रक्त आणि शाई माझ्यावर एकत्रच सांडली.

मग युद्ध आले. शहराबाहेरचा दारूगोळ्याचा कारखाना एका दुपारी उडाला. कामगारांचे तुकडे झाडांवरून काढावे लागले. सरकारने सांगितले, हा घातपात आहे, आणि वाचलेल्या मुकादमाला पकडले. त्याला बडवून बडवून त्याचा जबडा मोडला. त्याला फाशी ठरली.

अकादमीतल्या रसायनशास्त्राच्या बाईंना वेगळाच संशय होता. कारखान्यात बनणारा स्फोटक कापूस आम्लातून काढल्यावर पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. युद्धाच्या घाईत धुण्याला काट मारली होती. आत राहिलेले आम्ल उबेने कापूस आपोआप पेटवते, असे त्यांचे म्हणणे होते.

फाशीच्या आदल्या दिवशी सज्जा माणसांनी गच्च भरला. मुकादमाची थोरली बहीण पुढेच कठडा धरून उभी होती. बाईंनी माझ्यावर कोमट पाण्याचे भांडे ठेवले आणि त्यात बूच लावलेल्या जाड काचेच्या दोन बाटल्या सोडल्या. एकीत धुतलेला कापूस होता, दुसरीत कारखान्यातला. खाली मंद दिवा लावला.

तेवढ्यात दार फुटले. सरकारी साहेब आणि लाठीवाले आत घुसले.

"बंद करा हा तमाशा!" साहेब गरजले. "कापसानं कुठं कारखाने उडतात? उद्या म्हणाल उशीनं किल्ला पाडला!"

"थोडं थांबा, आपोआप कळेल," बाई म्हणाल्या.

लाठी त्यांच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. म्हातारे अध्यक्ष मध्ये पडले; त्यांचे डोके माझ्या कडेवर आपटले. सज्जातून बहीण ओरडली, "मेल्यांनो, बाईमाणसाला मारता?"

या झटापटीत दिवा विझवायचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. कारखान्याच्या बाटलीत तांबूस धूर भरू लागला. मोडका हात छातीशी धरून बाई किंचाळल्या, "साहेब, मागे व्हा! हात लावू नका!"

साहेबांना ती चाल वाटली. त्यांनी बाटलीकडे हात नेला.

कानठळ्या बसल्या. काचा भिंतीत रुतल्या, माझ्या पाठीला खड्डा पडला आणि साहेब बोटे शोधत खाली बसले. धुतलेल्या कापसाची बाटली दूर फेकली गेली होती. तिला तडा गेला, पण कापूस होता तसाच पांढरा.

रक्ताने डोळा मिटलेल्या अध्यक्षांनी जवळच्या लाठीवाल्याला विचारले, "बाबा, खरं सांग. काडी कुणी लावली?"

त्याच्या हातातली लाठी गळून पडली. "कुणीच नाही हो. आपोआप उडाला!"

सज्जातल्या सगळ्यांनी ते ऐकले. हा घातपात नव्हे, असा सभासदांनी तिथेच हात वर करून निर्णय दिला आणि रात्र पडायच्या आत ते वाक्य शहरभर झाले. आता फास आवळायची हिंमत कोणाला होईना.

राग निघाला तो आमच्यावर. अकादमीला कुलूप लागले, बाईंना देश सोडावा लागला, सैनिकांनी कुऱ्हाडीने माझे दोन भाग केले. उरलेले मी कित्येक वर्षे तळघरात कुजत होते.

कुलूप निघाले तेव्हा मुकादम बहिणीचा हात धरून मला पाहायला आला. त्याने खड्ड्यात तळवा ठेवला. जबडा नीट जुळला नव्हता, तरी तो बोलला, "ताई, हे बिचारं माझ्या वाटणीचं मेलं गं."

"मेलं कुठं? उभं आहे की," ती म्हणाली आणि पदराने माझी धूळ पुसू लागली.

आता सभागृहाची दुरुस्ती चालू आहे. मला चकचकीत करायचे म्हणतात. मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा. पण भेगा बुजवायच्या लांबीचा डबा घेऊन कोणी त्या खड्ड्याकडे आले, तर त्याचा हात धरा. त्यातून एक माणूस जिवंत बाहेर आला आहे.